किनारा सोडण्याची लष्करी विद्या

अमेरिकेच्या यादवी युद्धातील दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याचे नाव निघाले की चॅन्सलर्सव्हिलचा विजय, गेटिसबर्गचा पराभव आणि ॲपोमॅटॉक्सची शरणागती एवढेच सामान्यतः आठवते. त्या कीर्तीच्या आधीचे, नोव्हेंबर १८६१ ते मार्च १८६२ हे चार महिने मात्र बहुधा घाईने ओलांडले जातात. त्या काळात त्याने एकही मोठी लढाई दिली नाही. शेकडो मैलांच्या किनाऱ्यापैकी काय राखावयाचे आणि काय सोडून द्यावयाचे, एवढेच त्याने ठरविले. सेनापतीच्या वाट्याला येणाऱ्या कामांत याहून अप्रिय काम क्वचितच असेल.

लीचा जन्म १८०७ साली व्हर्जिनियात झाला. वडील स्वातंत्र्ययुद्धातील नामांकित घोडदळ अधिकारी, पण कर्जापायी तुरुंगवास भोगलेले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८२९ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन ली इंजिनिअर शाखेत गेला. पहिलीच नेमणूक झाली ती सव्हाना नदीच्या मुखाशी असलेल्या दलदलीच्या कॉकस्पर बेटावर. तेथे बांध आणि चर घालून त्याने ज्या किल्ल्याची पूर्वतयारी केली, तोच पुढे फोर्ट पुलास्की म्हणून प्रसिद्धीस आला. मेक्सिकोच्या युद्धात त्याने लौकिक मिळविला. एप्रिल १८६१ मध्ये संघराज्याच्या फौजेचे नेतृत्व देऊ केले असता ते नाकारून त्याने राजीनामा दिला व आपल्या प्रांताची बाजू धरली. ती बाजू गुलामगिरी राखू पाहणाऱ्यांची होती; त्याच्या सौजन्याच्या कितीही कथा सांगितल्या तरी ही गोष्ट झाकली जात नाही.

पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरात अपयश घेऊन तो नोव्हेंबर १८६१ मध्ये दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि पूर्व फ्लोरिडा यांच्या किनाऱ्याचा अधिपती म्हणून दाखल झाला. तो पोहोचला त्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलच्या खाडीतील दोन्ही किल्ले अवघ्या काही तासांत निकालात काढले. वाफेवर चालणारी, हवी तेथे वळणारी जहाजे आणि त्यांवरील जड तोफा यांच्यापुढे बेटाबेटांवर विखुरलेली ठाणी टिकणार नाहीत, हे त्याने तत्काळ ओळखले. शत्रूला समुद्राची वाट मोकळी होती. तो कोठेही उतरू शकत होता. लीच्या तुटपुंज्या फौजेला मात्र सर्वत्र असणे शक्य नव्हते.

त्याने चार्ल्स्टन-सव्हाना लोहमार्गावरील कूसाव्हॅची या खेड्यात ठाणे मांडले आणि त्या लोहमार्गालाच संरक्षणाचा कणा केले. बाहेरची बेटे सोडावयाची. तेथील तोफा काढून चार्ल्स्टन व सव्हाना या शहरांभोवती आणावयाच्या. नद्यांच्या पात्रांत अडथळे घालावयाचे. आणि युद्धनौकांच्या माऱ्यापलीकडे, नद्या अरुंद होतात तेथे, मातीचे तट उभारावयाचे. शत्रू जेथे उतरेल तेथे रेल्वेने सैन्य धाडावयाचे. सेंट सायमन्स आणि जेकिल या बेटांवरील तोफखाने अशाच रीतीने उठले. टेनेसीतील पराभवांनंतर सरकारचा हुकूम आला आणि फ्लोरिडातील अमेलिया बेटही रिकामे करावे लागले.

बेटांवरील कापूसमळ्यांच्या मालकांना हे रुचणे शक्यच नव्हते. प्रत्येकाला आपल्या मळ्यापुढे तोफ हवी होती. तट खणण्यासाठी गुलाम पाठविण्यास मात्र त्यांचे हात आखडत. पोर्ट रॉयलच्या परिसरातून मालक पळाले आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. लीच्या नकाशावर जो प्रदेश गमावला गेला, तेथे या माणसांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, मजुरीने शेती सुरू झाली. एकाच माघारीचा अर्थ दोन बाजूंना इतका भिन्न असू शकतो. (ज्या नाकेबंदीपुढे ली हतबल होता, तिच्यामुळेच मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये, युद्ध संपल्यावर, मुंबईचे सट्टेबाज धुळीस मिळाले.)

योजनेत एक वैगुण्य राहिलेच. सोडून दिलेल्या बेटांत फोर्ट पुलास्कीसमोरचे टायबी बेटही होते. किल्ल्याच्या साडेसात फूट जाडीच्या विटांच्या भिंती इतक्या अंतरावरून फुटणार नाहीत, असा जुन्या तोफांच्या हिशेबाने लीचा समज होता. १८६२ च्या एप्रिलमध्ये टायबीवरील नव्या पेचदार नळीच्या तोफांनी त्या दोन दिवसांत फोडल्या. तोपर्यंत ली रिचमंडला परतला होता. लोहमार्गाची फळी मात्र टिकली. १८६४ च्या नोव्हेंबरअखेरीस हनी हिल येथेही ती भेदता आली नाही. सव्हाना त्या डिसेंबरात पडले ते समुद्राकडून नव्हे, शेर्मनची फौज पाठीमागून, जमिनीवरून आल्यामुळे.

लीची स्वतःची शेवटची माघार इतकी सुघटित नव्हती. २ एप्रिल १८६५ च्या रात्री त्याने पीटर्सबर्गचे खंदक सोडले; अमेलिया कोर्ट हाऊस येथे शिधा मिळेल ही अपेक्षा फोल ठरली; धान्याच्या शोधात एक दिवस गेला आणि ९ एप्रिलला त्याने शस्त्र खाली ठेवले.

पुढे तो लेक्सिंग्टनच्या महाविद्यालयाचा अध्यक्ष झाला. त्याच्या वडिलांना १८१८ मध्ये मृत्यू आला तो जॉर्जियाच्या कंबरलँड बेटावर, आणि तेथेच त्यांचे दफन झाले. १८६२ च्या जानेवारीत किनाऱ्याची पाहणी करताना ली त्या कबरीपाशी जाऊन आला होता. मग काही आठवड्यांतच त्या भागातून दक्षिणेचे सैन्य निघून गेले. १८७० च्या वसंतात, हृदयविकाराने खचलेला असताना, तो एका मुलीला बरोबर घेऊन पुन्हा तेथे गेला आणि १२ ऑक्टोबरला लेक्सिंग्टन येथे वारला.