थोरले माधवराव आणि वेठीचें ओझें

थोरल्या माधवराव पेशव्यांचें नांव निघालें कीं लोकांस राक्षसभुवनची लढाई आठवते. आम्हांस वसईच्या सुभेदाराचें ओझें आठवतें. इ. स. १७६१ सालीं, पानिपतचा घाव ताजा असतां, वयाच्या सतराव्या वर्षीं त्यांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. त्या काळीं सरकारी अंमलदार आपलें सामान रयतेच्या डोक्यावरून फुकट वाहवीत. शेतांत काम पडलेलें असलें तरी वेठीस जावेंच लागे. माधवरावांनीं ही चाल बंद करण्याचें मनावर घेतलें. हुकूम काढणें सोपें. तशा हुकुमांची रास आजच्या कचेऱ्यांतूनही पडलेली आहे! परंतु वसईचे सुभेदार विसाजीपंत यांचा किंमती माल वेठीनें चालला असल्याची बातमी लागतांच पेशव्यांनीं तो जप्त केला, शेतांतून ओढून आणलेल्या लोकांस भरपाई दिली आणि पुन्हां ताकीद सोडली. धन्याची नजर कोठवर पोंचते हें कळल्यावर ती मोडण्याची कोणाची छाती झाली नाहीं. गरीब कारकुनास धरून सुभेदारास सोडलें असतें, तर त्या ताकिदीस कोणी विचारलें असतें काय?

स्वतःवरील अंकुशही त्यांनीं मानला. जपध्यानापायीं कारभार मागें पडतो, असें रामशास्त्री प्रभुणे यांनीं परखडपणें सुनावल्यावर त्यांनीं तो नाद सोडला, असें सांगतात. ता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें क्षयानें त्यांचा अंत झाला. वय अवघें २७ होतें.