विश्लेषण : वर्ध्याच्या उन्हातही गार राहणारी बापू कुटी कुणी बांधली?

सेवाग्रामची बापू कुटी गांधीजींच्या नावाने ओळखली जाते. पण ती बांधली एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या मुलीने, आणि तीही स्वतःसाठी. ही मॅडलिन स्लेड, म्हणजेच मीराबेन. (मिरा रोडच्या नावाशी त्यांचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे.)

कोण होत्या मीराबेन?

जन्म १८९२ चा, इंग्लंडमधला. बीथोव्हेनच्या संगीताच्या वेडापायी त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटायला गेल्या आणि तिथे त्यांना गांधीजींविषयी कळले. मग त्यांनी घरीच तयारी सुरू केली. सूत कातायला शिकल्या, जमिनीवर बसायची सवय केली. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या साबरमतीला पोहोचल्या. मीरा हे नाव गांधीजींनीच दिले.

१९३६ मध्ये गांधीजींनी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायचे ठरवले. झोपडीसाठी १०० रुपयांपेक्षा जास्त खर्च नको, अशी त्यांची अट होती. मीराबेन आधीपासून तिथे राहत होत्या. त्यांच्या देखरेखीखाली आदिनिवास उभा राहिला. पण एका मोठ्या खोलीत सगळ्यांचीच वर्दळ. मीराबेनना शांतता हवी होती, म्हणून त्यांनी शेजारी स्वतःची लहान कुटी बांधली. भिंतीवर मातीतच झाडे आणि चरखा उठावात काढला. पुढे आदिनिवासात गर्दी वाढली आणि गांधीजी त्या कुटीत राहायला आले. एकांतासाठी बांधलेले घर देशाच्या राजकारणाचा पत्ता झाले. १९४० मध्ये गावाचे नावही सेवाग्राम झाले, कारण टपाल बुलढाण्याच्या शेगावला जात असे.

कुटी गार कशी राहते?

माती, बांबू, लाकूड, कवेलू, सगळे आसपासचे. जाड मातीची भिंत हळूहळू तापते. दुपारची उष्णता आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. खाली झुकलेले छप्पर आणि पडवी ऊन भिंतीवर पडू देत नाहीत. तेच छप्पर पावसात मातीची भिंत वाचवते. मात्र अशा घराची डागडुजी दरवर्षी करावी लागते. फार्महाऊसच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

उत्तन-गोराईकडे सेकंड होम बांधणाऱ्यांनी मात्र जशीच्या तशी नक्कल करू नये. विदर्भात रात्री भिंत थंड व्हायला वाव मिळतो. खाडीकाठच्या दमट हवेत तो फारसा मिळत नाही. इथे जाड भिंतीपेक्षा रुंद पडवी, समोरासमोर खिडक्या आणि झाडांची सावली जास्त उपयोगी. मीराबेननीही जागा बघूनच बांधले होते.

पुढे काय झाले?

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींबरोबर त्यांनाही अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर त्या हिमालयात रमल्या. डोंगरातली बांज वृक्षांची जंगले जाऊन चीड पसरतोय, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि पूर येतात, हे त्यांनी १९५० च्या दशकातच लिहिले होते. सरकारने तेव्हा ते फारसे मनावर घेतले नाही. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि पुढे ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळ राहिल्या, पुन्हा बीथोव्हेनच्या सोबतीने. त्यांना पद्मविभूषणही मिळाले. २० जुलै १९८२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची कुटी आजही सेवाग्रामला आहे, पाटीवर नाव बापूंचे.