पंडिता रमाबाई : दुखण्यातील विश्वास

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, भातसा नदीच्या काठी, खडवली हे गाव आहे. अशा खेड्यापाड्यांत घरी मोठे दुखणे आले, म्हणजे भाविकांच्या मनात एक शंका उठते. प्रभूने पुष्कळांस बरे केले, मग आमचेच माणूस का उठत नाही? आमचा विश्वास उणा आहे काय? ह्या शंकेचे निरसन पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते, म्हणून ते आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. दुष्काळाने त्यांचे आईवडील व थोरली बहीण नेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास पटकीने वारला, आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी हेही त्याच रोगाने गेले. कडेवर लहानगी मनोरमा तेवढी राहिली. रोग काय करितो हे ज्यांस घरीच कळले, त्या रमाबाईंनी वैद्यकी शिकून आपल्या भगिनींची सेवा करण्याचा निश्चय केला, आणि १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

परंतु त्यांचे कान दिवसेंदिवस मंद होत चालले होते. बहिरेपणामुळे वैद्यकीचे दार बंद झाले. जे काम देवासाठी करावयाचे मनात धरिले, तेच हातून गेले! पुढे १८८६ साली कल्याणच्या कन्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहण्यास रमाबाई गेल्या. जी पदवी आपणांस मिळाली नाही ती आपल्या नात्यातील भगिनीस मिळाली, ह्याचा त्यांनी आनंद मानिला. दुसऱ्याच वर्षी आनंदीबाई क्षयाने वारल्या. तेव्हा आरोग्य व आयुष्य ही विद्येच्याही हाती नाहीत.

रमाबाई निराश होऊन बसल्या नाहीत. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणिल्या. तेव्हा पुण्यात प्लेग होता, व नव्या मुली शहरात ठेवण्याची मनाई झाली. रमाबाईंनी तो निर्बंध मानिला, मुलींस केडगावच्या शेतावर नेले, आणि तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. प्रार्थना करणाऱ्याने रोगाविषयीची सावधगिरी सोडावी असे त्यांस कधी वाटले नाही.

१९०५ साली मुक्तीत मोठे संजीवन झाले. शेकडो मुली प्रार्थनेस लागल्या, पुष्कळांची अंतःकरणे पालटली. तथापि बाईंचे कान उघडले नाहीत. म्हणून त्यांचा विश्वास उणा होता असे कोण म्हणेल? पौल प्रेषितानेही देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, आणि कृपाही राहिली.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या. स्वतः रमाबाईंची प्रकृती खालावत होती. मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले त्यांचे पवित्र शास्त्राचे भाषांतर छापून व्हावयाचे होते. अखेरच्या दुखण्यात त्यांनी निरोगी शरीर मागितले नाही. मुद्रिते तपासण्यापुरते दहा दिवस मागितले, आणि तेवढे मिळाले, अशी आठवण सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत निजल्या. ते शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले.

प्रिय बंधुभगिनींनो, घरी आजारी असेल त्यासाठी आग्रहाने प्रार्थना करा, आणि त्यास दवाखान्यात नेण्यास विलंब करू नका. औषध हेही देवाचेच दान आहे. तो बरा झाला तर मंडळीत उपकारस्तुती करा. बरा न झाला, तर तुझा विश्वास कमी पडला असे त्याच्या उशाशी बसून कोणीही बोलू नये. दुखणेकऱ्यावर तो दुसरा भार होय. विशेषेकरून उपदेशकांनी हे ध्यानात ठेवावे. ज्या बाईंचे कान अखेरपर्यंत मंद राहिले, त्यांनी हजारो अनाथांची हाक ऐकिली. देव काही प्रार्थनांचे उत्तर देहात देतो, काहींचे कामात देतो. ऐकतो मात्र सर्वच.