नगरच्या मिस फरार



आपल्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे मंडळाच्या भगिनींनी मला सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कुणी ठेवू नये. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण सर्वांनी वाचली आहेत. पण सावित्रीबाईंच्या चरित्रात एका परदेशी बाईंचे नाव ओझरते येते आणि लेखक पुढे जातो. हे मला नेहमी चुटपुट लावून जाई. त्या बाई म्हणजे मिस सिंथिया फरार.

त्यांचा जन्म २० एप्रिल १७९५ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात मार्लबरो या गावी झाला. मोठेपणी त्या शिक्षिका झाल्या. लग्न केले नाही. त्याच सुमारास अमेरिकन मिशनने मुंबईत शाळा चालविल्या होत्या आणि १८२४ मध्ये मुलींचीही शाळा काढली होती. परंतु मुलींना शिकवायला, त्यांच्या आयांशी बोलायला बाईच हवी. मिशनऱ्यांच्या बायका हे काम करीत, पण त्यांच्यामागे घरसंसार आणि आजारपणे असत. म्हणून एखादी शिक्षिका पाठवा, अशी मागणी मुंबईहून अमेरिकेला गेली आणि मिस फरार तयार झाल्या.

तयार झाल्या, असे दोन शब्दांत लिहिले, पण विचार करा. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने यायचे. इथली हवा परदेशी माणसांना मानवत नसे. त्यांच्याच मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना पटकीने दगावले होते. हे सारे ठाऊक असून बत्तीस वर्षांची एकटी बाई ५ जून १८२७ रोजी बोस्टनहून निघाली, ती २९ डिसेंबरला मुंबईस पोचली. आपल्या खडकीच्या लढाईला, म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७ ला, तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. जोतिराव फुले यांचा जन्मही त्याच १८२७ सालचा.

मुंबईत त्या मराठी शिकल्या आणि मुलींच्या शाळा पाहू लागल्या. वाचन, लेखन, शिवणकाम आणि बायबल असे शिक्षण असे. शिकलेली मुलगी विधवा होते, अशी त्या काळी समजूत होती. मुलगी जरा मोठी झाली की लग्न होऊन सासरी जाई आणि पाटी सुटे. म्हणजे अक्षर गिरवायला शिकवावे आणि वाचता येऊ लागण्याच्या आत मुलगी निघून जावी! तरी बाई चिकाटीने पुन्हा नव्या मुलींना श्रीगणेशापासून शिकवीत राहिल्या.

दहा वर्षांनी प्रकृती ढासळली, म्हणून १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नावे ठेवली नसती. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या आणि अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवू लागल्या.

एक गोष्ट मात्र लपवू नये. त्या धर्मप्रसारासाठी आल्या होत्या. शाळेत बायबल शिकवीत, त्यामुळे आईबापांना धर्मांतराची धास्ती वाटे आणि ते मुलींना काढून घेत. मीही एक आई आहे, त्या आईबापांची काळजी मला समजते. मी त्या काळी असते तर माझी लेक तिथे पाठविली असती का, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. पण मुलींसाठी दुसरी शाळा होती कुठे? दार बंद ठेवणारे आपलेच होते आणि उघडणारी परकी होती, हेही तितकेच खरे.

याच नगरला जोतिराव आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याकडे गेले असता त्यांनी मिस फरारांची शाळा पाहिली. पुढे १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण मिस फरारांकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फुले दांपत्याने शाळेची कल्पना घेतली, धर्म घेतला नाही. चांगले तेवढे पारखून घ्यावे, हे त्यांच्याकडून शिकावे.

मिस फरार २५ जानेवारी १८६२ रोजी नगरलाच वारल्या. या देशात येऊन त्यांना चौतीस वर्षे झाली होती. आपण शिकविलेल्या मुलींच्या नाती-पणती पुढे काय होतील, हे त्यांना दिसले नाही. आज आपल्या खडकीत शाळा सुटली की दप्तरे घेतलेल्या मुलींची रांग लागते, त्यात नवल असे कुणालाच वाटत नाही.

भगिनींनो, ३ जानेवारीला बालिका दिनी आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. त्या दिवशी त्यांच्या या शिक्षिकेचेही स्मरण करावे. आणि आपल्या आळीत एखादी मुलगी घरकामापायी शाळेतून घरी बसली असेल, तर मंडळाच्या दोघीतिघींनी मिळून तिच्या आईकडे जाऊन यावे. बाईंसारखे समुद्र ओलांडायचे नाहीत, चार घरे ओलांडायची आहेत.