अठरा जूनच्या पलीकडचे लोहिया

गोमंतकात डॉ. राममनोहर लोहिया यांचे नाव निघाले की १८ जून १९४६ ही तारीख आणि मडगावचे मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. ते स्वाभाविकच आहे. परंतु एका दिवसाच्या तेजाने उरलेले आयुष्य झाकोळून जावे, हे त्या पुरुषावर अन्याय करणारे होय. मडगावात त्यांनी परकीय सत्तेकडे जे मागितले, तेच पुढे वीस वर्षे ते स्वकीयांच्या सरकारकडे मागत राहिले.

२३ मार्च १९१० रोजी उत्तर प्रदेशातील अकबरपूर येथे एका व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. उच्च शिक्षणासाठी ते बर्लिनला गेले आणि मिठावरील कर व सत्याग्रह या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. जर्मनीतील लोकशाही कोसळून हिटलरची हुकूमशाही उभी राहत होती, ती त्यांनी जवळून पाहिली. १९३३ साली मायदेशी परतल्यावर ते काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत सामील झाले. नागरी स्वातंत्र्यावर त्यांनी त्या काळात जे लिहिले, त्यात त्यांच्या विचाराचे बीज सापडते. सत्ता कोणाचीही असो, तिचा स्वभाव हातपाय पसरण्याचा असतो. तिला मर्यादा घालणारा बांध म्हणजे नागरिकाचे भाषण, लेखन व सभा यांचे स्वातंत्र्य, अशी त्यांची धारणा होती.

१९४२ च्या लढ्यात ते भूमिगत राहिले, १९४४ साली मुंबईत पकडले गेले आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा अमानुष छळ झाला. एप्रिल १९४६ मध्ये सुटका झाल्यावर विश्रांतीसाठी ते असोळण्यास आपले बर्लिनमधील स्नेही डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी आले. येथे सभेला परवाना लागे, छपाईवर सेन्सॉरची नजर असे, लग्नपत्रिकाही तिच्यातून सुटत नसे. विश्रांती बाजूला राहिली. भर पावसात मडगावला सभा झाली; पिस्तूल रोखणाऱ्या अधिकाऱ्याचा हात लोहियांनी शांतपणे बाजूला सारला. त्यांना अटक झाली, पण परवान्याविना बोलता येते हे लोकांनी पाहिले. सप्टेंबरमध्ये ते पुन्हा आले, तेव्हा कुळे स्थानकावर त्यांना पकडून आग्वादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि मग हद्दपार करण्यात आले.

स्वराज्य आल्यानंतरही तुरुंगाशी त्यांचे नाते तुटले नाही. १९५४ साली पाटपट्टीवाढीविरुद्ध शेतकऱ्यांना उठवल्याबद्दल उत्तर प्रदेश सरकारने त्यांना ब्रिटिश अमदानीतील १९३२ च्या कायद्याखाली पकडले. त्यातील संबंधित कलम घटनाबाह्य असल्याचा निर्णय १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. १९६५ साली पाटण्यात त्यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले गेले. त्या खटल्यात न्यायालयाने कायदा व सुव्यवस्था आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांतील भेद स्पष्ट करून त्यांची मुक्तता केली. प्रत्येक लहानसहान गडबडीचे निमित्त करून नागरिकाला विनाचौकशी कोंडता येत नाही, हे तत्त्व त्या निकालातून भारतीय कायद्यात रुजले.

त्यांच्या तत्त्वनिष्ठेची खरी कसोटी मात्र स्वपक्षाच्या बाबतीत लागली. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये त्यांच्याच पक्षाचे मंत्रिमंडळ असताना पोलिसांनी गोळीबार केला. पक्षाचे सरचिटणीस असलेल्या लोहियांनी तुरुंगातूनच मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याची मागणी केली. ती मानली गेली नाही; मतभेद वाढत गेले आणि पुढल्या वर्षी त्यांना वेगळी वाट धरावी लागली. एका तत्त्वापायी पक्ष फोडला असा ठपका त्यांच्यावर आला. त्यांचा स्वभाव उतावळा होता, सहकाऱ्यांना बरोबर ठेवण्याची हातोटी त्यांच्यापाशी कमी होती, हेही खरेच. परंतु आपल्या माणसाच्या हाती आलेली बंदूक आपोआप पवित्र होत नाही, हे सांगण्याचे धैर्य किती पुढाऱ्यांनी दाखवले?

सत्तेला आवर घालण्याचा त्यांचा दुसरा उपाय म्हणजे चौखंबा राज्य. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर राज्याचा डोलारा उभा राहावा, जिल्हाधिकाऱ्याचे पद जावे आणि पोलीस स्थानिक पंचायतींना उत्तरदायी असावेत, असे ते म्हणत. मतपेटी आणि बंदूक यांच्यामधला सविनय कायदेभंगाचा मार्ग निवडलेल्या सरकारविरुद्धही खुला राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१२ ऑक्टोबर १९६७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी आणीबाणी आली आणि मडगावकरांनी १९४६ साली ज्या सेन्सॉरला आव्हान दिले, तसाच सेन्सॉर स्वतंत्र भारतातील वृत्तपत्रांच्या मुद्रणालयांत येऊन बसला. लोहियांची भीती काल्पनिक नव्हती, हे त्या वेळी कळून चुकले.

लोहिया मैदानावर पुष्पहार वाहणे सोपे आहे. त्या मैदानाचा अर्थ पाळणे कठीण, कारण तो परकीय गेल्याने संपत नाही. सभेला परवानगी नाकारणारा हात स्वकीयांचा असला म्हणजे आपण गप्प बसणार असू, तर अठरा जून हा केवळ पंचांगातला एक दिवस उरेल.