रुपयाच्या ग्रंथाचा राहिलेला खंड

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतल्या फलकांवर बाबासाहेबांच्या पदव्यांची रांग लागते. ती लागायलाच हवी. ज्यांना शाळेत बाहेर बसवले गेले त्यांच्या लेकरांनी ती रांग पाठ करावी, यात काही गैर नाही. अठरा तास अभ्यासाचे उपक्रमही आता गावोगावी होतात. पण तास मोजताना बाबासाहेब त्या तासांत नेमके काय वाचत होते, हे आपण फारसे विचारत नाही. अर्थशास्त्रासारख्या विषयात कायदा बदलतो, चलनाचा दर बदलतो आणि पदवीच्या वेळी शिकलेले दोन-चार वर्षांत जुने होते. या विषयाशी बाबासाहेब आयुष्यभर कसे वागले, ते आम्हाला इथे सांगायचे आहे.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला. १९१६ मध्ये लंडनला आले, पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेला पुस्तकांचा साठा पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाला. पुढे बडोद्यात नोकरीत जो अपमान वाट्याला आला, तो आपल्या घराघरांत माहीत आहे.

पुस्तके गेलेली, पैसा नाही, राहायला जागा मिळत नाही. अशा वेळी माणूस विषयापासून तुटतो. बाबासाहेबांचे तसे झाले नाही. १९१८ मध्ये त्यांचे दोन लेख इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात आले. एक शेतीच्या लहान तुकड्यांवर होता. तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल, असे तेव्हा सगळीकडे बोलले जात होते. बाबासाहेबांनी दाखवले की दुखणे तुकड्यांचे नाही, जमिनीवर पडलेल्या जादा माणसांच्या भाराचे आहे आणि त्यावर खरा उपाय उद्योगधंदे वाढवणे हा आहे. दुसरा लेख म्हणजे बर्ट्रांड रसेल यांच्या समाजरचनेवरील पुस्तकाचे परीक्षण. ते पुस्तक निघून अवघी दोन वर्षे झाली होती, महायुद्ध चालू होते, आणि ग्रंथसंग्रह गमावलेला हा तरुण मुंबईत बसून त्याची चिकित्सा करत होता. त्याच वर्षी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले.

लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. या विषयावर तेव्हा केन्स यांच्या १९१३ सालच्या पुस्तकाचा दबदबा होता. भारतात चालू असलेली सुवर्ण विनिमय पद्धत चांगली आहे, असे केन्स म्हणत. बाबासाहेबांचे म्हणणे उलट होते. या पद्धतीत किती रुपये काढायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते, भाव चढतात आणि हाल गरिबाचे होतात. म्हणून रुपये काढण्यावर पक्की मर्यादा हवी. ते केवळ जुन्या ग्रंथाशी भांडत बसले नाहीत. महायुद्धानंतर बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपयाचा दर दोन शिलिंग करायला सांगितले होते आणि तो १९२० मध्ये टिकला नाही. ही ताजी घडामोडही त्यांनी तपासून काढली. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. मांडणीत फेरफार करून त्यांनी तो पुन्हा दिला, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि ग्रंथही छापून आला. प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांची होती. त्यात त्यांनी शिष्याशी असलेले मतभेदही नोंदवले.

आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते ते प्रांतिक वित्तावरचे पुस्तक. कोलंबियाचा प्रबंध देऊन बाबासाहेब निघाले ते १९१६ मध्ये. त्यानंतर १९१९ च्या कायद्याने केंद्र आणि प्रांत यांच्यातला पैशाचा हिशेबच बदलला. १९२५ मध्ये पीएच.डी.चा ग्रंथ छापला गेला तेव्हा त्यात या नव्या कायद्याचा स्वतंत्र भाग होता. रीतसर पीएच.डी. १९२७ मध्ये हाती पडली. मधल्या काळात वकिली, बहिष्कृत हितकारिणी सभा आणि महाडचा सत्याग्रह झाला होता.

१९२५ च्या डिसेंबरात त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली, असे एका ओळीत सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. बँकेची शिफारस त्या आयोगाची होती. ती ओळ सांगण्यापेक्षा साक्ष वाचावी. रुपयाचा दर खाली आणला तर व्यापाऱ्याला नफा होतो आणि मजुराची खरी मजुरी घटते, हे त्यांनी आयोगापुढे मांडले. दराच्या वादात मजूर कुठे आहे, हा प्रश्न तिथे आणला तो त्यांनी.

पुढची वीस वर्षे चळवळीची. काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, स्वतंत्र मजूर पक्ष, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूर खाते. एवढ्यात चलनाची दुनिया पार बदलली. १९३१ मध्ये इंग्लंडने सोने सोडले आणि रुपया पौंडाला बांधला गेला. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात महागाईचा भडका उडाला.

१९४७ मध्ये मुंबईच्या थॅकर कंपनीने रुपयाचा ग्रंथ पुन्हा काढला. नवे नाव भारतीय चलन आणि बँकिंगचा इतिहास, आणि त्यावर स्पष्ट लिहिले होते, खंड पहिला. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात द्यायचा, असा बाबासाहेबांचा संकल्प होता. तो नुसता बोलण्यापुरता नव्हता, असे आम्ही समजतो. पाकिस्तानवरील १९४० च्या पुस्तकात त्यांनी १९४५ च्या आवृत्तीसाठी नवा भाग लिहून दाखवलाच होता.

त्याच वर्षी ऑगस्टात ते कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती त्यांच्याकडे आली. नंतर हिंदू कोड बिल, आजारपण, पाली भाषा, बुद्धाचा धम्म. दुसरा खंड लिहिला गेला नाही. पहिला महाराष्ट्र शासनाच्या लेखन आणि भाषणे मालिकेच्या सहाव्या खंडात आहे. १९२३ पासूनचे रुपयाचे पुढचे प्रकरण लिहायला आपल्यातल्या अर्थशास्त्राच्या कुणा विद्यार्थ्याने घेतले, तर सुरुवात कुठून करायची ते बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे.