बेला गुटमान : दहाहून अधिक देशांत फिरलेला फुटबॉल प्रशिक्षक

पोर्तुगालमधील बेन्फिका या क्लबला लागोपाठ दोन वेळा युरोपियन चषक मिळवून देणारे हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमान यांचे नाव आज मुख्यतः एका कथित शापामुळे घेतले जाते. तथापि, त्यांच्या आयुष्याचा खरा आशय त्या शापात नाही. युद्ध, वंशद्वेष आणि विस्थापन यांतून वाचलेल्या एका माणसाने वयाच्या साठीनंतर फुटबॉलमधील सर्वोच्च यश मिळवले आणि तरीही कोणत्याही गावाला आपले कायमचे घर मानले नाही, ही त्यांची कहाणी आहे.

बालपण आणि खेळाडू म्हणून कारकीर्द

गुटमान यांचा जन्म २७ जानेवारी १८९९ रोजी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे आई-वडील नृत्यशिक्षक होते. बेला यांनीही कोवळ्या वयातच नृत्यशिक्षकाची पात्रता मिळवली होती. मात्र त्यांचा ओढा फुटबॉलकडे होता. मधल्या फळीत खेळणाऱ्या गुटमान यांच्या पायांतील लय आणि तोल यांचे श्रेय जाणकार त्या नृत्याच्या तालमीला देत असत. एमटीके बुडापेस्ट या नामवंत क्लबकडून खेळताना त्यांनी हंगेरीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत ज्यूविरोधी वातावरण तीव्र झाले. गुटमान यांनी देश सोडला आणि व्हिएन्नातील हाकोआ या क्लबमध्ये प्रवेश केला. हिब्रू भाषेत हाकोआ म्हणजे सामर्थ्य. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबमध्ये केवळ ज्यू खेळाडू होते. १९२५ मध्ये हाकोआने ऑस्ट्रियाचे विजेतेपद पटकावले आणि त्या यशात गुटमान यांचा वाटा होता.

त्याआधी, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते हंगेरीकडून खेळले. खेळाडूंची निवास व्यवस्था गैरसोयीची आणि पथकात पदाधिकाऱ्यांचीच गर्दी, यामुळे ते संतापले. निषेध म्हणून त्यांनी मेलेले उंदीर पदाधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या दारांना टांगले, असे सांगितले जाते. हंगेरीचा संघ इजिप्तकडून पराभूत झाला. त्यानंतर गुटमान यांना राष्ट्रीय संघात पुन्हा स्थान मिळाले नाही. अधिकाऱ्यांशी न पटणे हा त्यांचा स्वभाव तेव्हापासूनच दिसू लागला होता.

न्यूयॉर्कमधील कमाई आणि दिवाळे

१९२६ मध्ये हाकोआचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूयॉर्कमधील एका सामन्याला सुमारे ४६,००० प्रेक्षक उपस्थित होते. अमेरिकेतील मोकळे वातावरण आणि मिळकत पाहून अनेक खेळाडू तेथेच राहिले. गुटमान त्यांपैकी एक होते. न्यूयॉर्कमधील क्लबांकडून खेळत त्यांनी चांगला पैसा मिळवला. दारूबंदीच्या त्या काळात चोरून चालणाऱ्या एका मद्यगृहातही त्यांची भागीदारी होती. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि त्यांची जमापुंजी बुडाली. काही वर्षांनी ते व्हिएन्नाला परतले, तेव्हा तिशी ओलांडलेल्या या खेळाडूसमोर प्रशिक्षक होण्याचाच मार्ग उरला होता.

१९३३ मध्ये हाकोआ क्लबने त्यांना पहिली संधी दिली. त्यानंतर त्यांनी नेदरलँड्समधील एन्सखेडे या शहरातील क्लबला प्रशिक्षण दिले. मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केले. हाकोआ क्लब बंद करण्यात आला. गुटमान बुडापेस्टला गेले आणि उइपेश्त क्लबचे प्रशिक्षक झाले. १९३९ मध्ये या संघाने हंगेरीचे विजेतेपद आणि मध्य युरोपातील क्लबांसाठी असलेला मित्रोपा चषक असे दुहेरी यश मिळवले. पण त्याच सुमारास हंगेरीतही ज्यूंविरुद्धचे कायदे कडक होत गेले आणि यशाच्या शिखरावर असलेल्या या प्रशिक्षकाला मैदानापासून दूर व्हावे लागले.

युद्धातील अज्ञात वर्षे

यापुढील काही वर्षांविषयी गुटमान आयुष्यभर जवळजवळ गप्प राहिले. ते युद्धकाळात स्वित्झर्लंडमध्ये होते, असा समज अनेक वर्षे प्रचलित होता. प्रत्यक्षात ते हंगेरीतच होते, हे अलीकडच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. विशेषतः ब्रिटिश लेखक डेव्हिड बोल्चोव्हर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रामुळे या काळावर प्रकाश पडला.

मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरले आणि ज्यूंची धरपकड सुरू झाली. गुटमान यांनी बुडापेस्टलगत एका माळ्यावर लपून दिवस काढले. त्यांची पत्नी ज्यू नव्हती. तिच्या नातलगांनी त्यांना आसरा दिला होता. पुढे त्यांना सक्तमजुरीच्या छावणीत जावे लागले. तेथे त्यांच्यासोबत एर्नो एर्बस्टाइन हे आणखी एक नामवंत प्रशिक्षक होते. १९४४ च्या डिसेंबरमध्ये, कैद्यांना अन्यत्र हलवले जाण्यापूर्वी, या दोघांनी काही सोबत्यांसह पलायन केले आणि जीव वाचवला. एर्बस्टाइन यांनी पुढे इटलीतील तोरिनो संघाला वैभव मिळवून दिले आणि १९४९ च्या सुपेर्गा विमान अपघातात संघासह त्यांचा अंत झाला. गुटमान यांचे वडील, बहीण आणि अन्य नातलग मात्र आउश्वित्झच्या छळछावणीत मारले गेले.

एका क्लबमधून दुसऱ्या क्लबमध्ये

युद्ध संपले तेव्हा गुटमान ४६ वर्षांचे होते. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत रुमानियातील बुखारेस्ट येथे काम करताना त्यांनी वेतन पैशांऐवजी अन्नधान्याच्या रूपात घेतले. १९४७ मध्ये उइपेश्त संघाला त्यांनी पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर ते किश्पेश्त या क्लबमध्ये गेले. या संघात फेरेन्त्स पुश्काश हा तरुण, असामान्य खेळाडू होता. एका सामन्यात धसमुसळेपणा करणाऱ्या बचावपटूला गुटमान यांनी मध्यंतरानंतर मैदानात न उतरण्याची आज्ञा केली. त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती. म्हणजे संघ दहा जणांनिशी खेळणार होता. पुश्काशने त्या सहकाऱ्याला खेळत राहण्यास सांगितले. प्रशिक्षकाची आज्ञा मोडली गेली. गुटमान प्रेक्षकांत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसले आणि सामना संपल्यावर घरी निघून गेले. त्या क्लबमध्ये ते पुन्हा परतले नाहीत.

पुढे इटलीतील पादोवा आणि त्रिएस्तिना, अर्जेंटिनातील किल्मेस, सायप्रसमधील अपोएल असा त्यांचा प्रवास झाला. १९५३ मध्ये एसी मिलान या बलाढ्य क्लबने त्यांना पाचारण केले. १९५५ च्या हंगामात संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असतानाच व्यवस्थापनाने त्यांना पदावरून दूर केले. संघ पहिल्या क्रमांकावर असेपर्यंत आपल्याला काढता येणार नाही, असे कलम त्यानंतर ते करारात घालून घेऊ लागले, असे सांगतात. एका संघात तिसरा हंगाम घातक ठरतो, असेही त्यांचे ठाम मत होते.

ब्राझीलला दिलेली देणगी

१९५६ च्या हंगेरीतील उठावाच्या वेळी होन्वेद हा संघ परदेशात होता. किश्पेश्त क्लबचेच हे नवे नाव. मायदेशी परतण्याऐवजी या संघाने दक्षिण अमेरिकेचा दौरा केला आणि गुटमान त्यांच्यासोबत ब्राझीलला गेले. तेथील साओ पाउलो क्लबने त्यांना प्रशिक्षकपद दिले. १९५७ मध्ये या संघाने राज्य विजेतेपद जिंकले. चार बचावपटू, मधल्या फळीत दोन आणि आघाडीवर चार खेळाडू अशी ४-२-४ ही आक्रमक व्यूहरचना हंगेरियन फुटबॉलमधून विकसित झाली होती. ब्राझीलमध्येही तिचे प्रयोग चालू होते. गुटमान यांनी त्यांना बळ दिले. साओ पाउलोमध्ये त्यांच्यासोबत काम केलेले विसेंते फेओला हे १९५८ मध्ये ब्राझीलचे प्रशिक्षक होते आणि याच व्यूहरचनेच्या बळावर ब्राझीलने स्वीडनमध्ये पहिला विश्वचषक जिंकला.

हंगेरियन विचारांचा हा प्रवाह भारतापर्यंतही पोहोचला होता. हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी अशाच धर्तीवर भारतीय संघाची बांधणी केली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, ते रहीम यांच्याच संघातून.

लिस्बनमधील सुवर्णकाळ

१९५८ मध्ये गुटमान पोर्तुगालमध्ये आले. पोर्टो क्लबला त्यांनी १९५९ चे विजेतेपद मिळवून दिले. बेन्फिकाचे गुण तेवढेच होते. निर्णय गोलफरकावर लागला. लगेच बेन्फिकाने त्यांनाच आपल्याकडे बोलावले. त्यांनी अनेक जुन्या खेळाडूंना निरोप दिला आणि तरुणांना संधी दिली. १९६० आणि १९६१ मध्ये बेन्फिका पोर्तुगालचा विजेता ठरला.

याच काळात लिस्बनमधील एका केशकर्तनालयात त्यांची गाठ जुना ब्राझिलियन शिष्य बाउएर याच्याशी पडली, असा किस्सा प्रसिद्ध आहे. मोझांबिकच्या दौऱ्यात पाहिलेल्या एका विलक्षण मुलाविषयी बाउएरने त्यांना सांगितले. गुटमान यांनी वेळ दवडला नाही. तो मुलगा म्हणजे युसेबियो. प्रतिस्पर्धी स्पोर्टिंग क्लबही त्याच्या मागावर होता. परंतु तो बेन्फिकाला मिळाला.

युरोपियन चषकाच्या पहिल्या पाचही स्पर्धा रेआल माद्रिदने जिंकल्या होत्या. ३१ मे १९६१ रोजी बर्न येथे बेन्फिकाने बार्सिलोनाला ३-२ असे नमवून ही मक्तेदारी संपवली. २ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये गाठ खुद्द रेआल माद्रिदशी होती आणि त्या संघात पुश्काश होता. त्याने पूर्वार्धातच तीन गोल केले. मध्यंतराला बेन्फिका २-३ असा मागे होता. उत्तरार्धात मात्र बेन्फिकाने तीन गोल केले, त्यांतील शेवटचे दोन युसेबियोचे. सामना ५-३ असा जिंकला गेला. या दोन विजयांच्या मधल्या काळात, डिसेंबर १९६१ मध्ये, पोर्तुगालची गोव्यावरील सत्ता संपुष्टात आली होती. वसाहती हातच्या जाऊ लागलेल्या त्या देशाला फुटबॉलमध्ये सर्वोच्च मान मिळवून दिला तो एका हंगेरियन प्रशिक्षकाने आणि आफ्रिकेतून आलेल्या विशीतल्या खेळाडूने.

शापाची आख्यायिका आणि अखेर

या यशानंतर गुटमान यांनी मोबदल्यात वाढ मागितली. संचालकांनी ती नाकारली आणि ते क्लब सोडून गेले. जाताना त्यांनी पुढील शंभर वर्षे बेन्फिकाला युरोपियन विजेतेपद मिळणार नाही, असा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. त्या वेळचा ठोस पुरावा तिला नाही. १९६५ मध्ये ते याच क्लबमध्ये पुन्हा प्रशिक्षक म्हणून आले होते, ही गोष्टही बहुधा विसरली जाते. मात्र १९६३ ते २०१४ या काळात बेन्फिकाने युरोपियन स्पर्धांचे आठ अंतिम सामने गमावले आणि आख्यायिका बळावत गेली. १९९० चा अंतिम सामना व्हिएन्नात होता, तेव्हा युसेबियोने गुटमान यांच्या समाधीपाशी जाऊन प्रार्थना केली. बेन्फिका तो सामनाही हरला.

बेन्फिका सोडल्यावर गुटमान यांनी उरुग्वेच्या पेन्यारोल क्लबला १९६२ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय संघ, स्वित्झर्लंडमधील सेर्व्हेत, ग्रीसमधील पानाथिनाइकोस असे मुक्काम करत १९७४ मध्ये पोर्टो क्लबमध्येच त्यांची कारकीर्द संपली. २८ ऑगस्ट १९८१ रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले.

त्यांच्यावर हटवादीपणाचा आणि धनलोभाचा आरोप सतत झाला. ते पैशाबाबत काटेकोर होते, हे खरे. परंतु ज्याची पुंजी एकदा बाजारात बुडाली, ज्याचे कुटुंब छळछावणीत संपले आणि ज्याला विजयी संघासह पदच्युत केले गेले, त्याने कोणत्याही आश्वासनावर विसंबून न राहणे स्वाभाविक होते. २०१४ मध्ये लिस्बन येथील बेन्फिकाच्या मैदानावर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्या पुतळ्याच्या दोन्ही हातांत एकेक युरोपियन चषक आहे.